सदोबांचा हिशोब

दर १ मेला माझ्या फोनवर दोन फॉरवर्ड येतात. पहिला आमच्या जयगडच्या ग्रुपवर. हुतात्मा चौकाचा फोटो, १०६ हुतात्म्यांना वंदन आणि खाली मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांचा जमेल तेवढा उद्धार. दुसरा येतो पुण्यातल्या ऑफिसच्या ग्रुपवर. हा गेल्या दोन-तीन वर्षांतला नवा प्रकार. त्यातही तेच स. का. पाटील, पण आता 'काळाच्या पुढचा नेता'. त्यांचं ऐकलं असतं तर मुंबईचं सिंगापूर झालं असतं म्हणे. खाली सात-आठ अंगठे.

दोन्ही पाठवणाऱ्यांनी त्या माणसाबद्दल धड चार ओळी वाचलेल्या नसतात. पण मला राग दुसऱ्या फॉरवर्डचा जास्त येतो. का, ते सांगतो. लांबण लागेल, शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माणूस. सदाशिव कान्होजी पाटील, जन्म १८९८, आत्ताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. म्हणजे अस्सल कोकणी. असहकाराच्या चळवळीत कॉलेज सोडलं, नंतर लंडनला जाऊन पत्रकारिता शिकले, परत येऊन काँग्रेसमध्ये झोकून दिलं. तुरुंगात गेले. हळूहळू मुंबई प्रदेश काँग्रेसची सगळी यंत्रणा त्यांच्या हातात आली आणि पुढची तीसेक वर्षं ती त्यांनी सोडली नाही. १९४९ ते १९५२ लागोपाठ तीन वेळा मुंबईचे महापौर. १९५२, १९५७, १९६२ अशा तीन निवडणुका जिंकून दक्षिण मुंबईचे खासदार. केंद्रात पाटबंधारे, वाहतूक, अन्न आणि शेती, शेवटी रेल्वे. 'मुंबईचे अनभिषिक्त सम्राट' हे बिरूद त्यांना कुणी टोमणा म्हणून लावायचं, कुणी कौतुकाने. पक्षासाठी पैसा उभा करणं हे त्यांचं खरं कसब. निवडणूक आली की दिल्लीची नजर मुंबईकडे वळायची आणि मुंबई म्हणजे पाटील.

आपल्याकडे कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं की लोकांना सोवळं-ओवळं आठवतं. पाटलांचं तसलं काही नव्हतं. ते उजवे होते ते पैशाच्या बाबतीत. व्यापाऱ्याला व्यापार करू द्या, सरकारने दुकान मांडू नये, कम्युनिस्टांना उंबऱ्याबाहेर ठेवा, अमेरिकेशी भांडू नका. १९५९ साली काँग्रेसने नागपूरच्या अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव केला, त्याच वर्षी राजाजींनी वैतागून स्वतंत्र पक्ष काढला. पाटलांची मतं राजाजींच्या बरीच जवळची, पण ते काँग्रेस सोडून गेले नाहीत. सत्तेत राहून समाजवादाला ब्रेक लावायचा, ही त्यांची पद्धत. नेहरूंच्या मंत्रिमंडळात बसून हे करायला हिंमत लागते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आता १९५५. इथे एक तांत्रिक मुद्दा आहे जो फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. काँग्रेसने १९२० नंतर आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे केल्या. महाराष्ट्राची वेगळी, गुजरातची वेगळी, कर्नाटकाची वेगळी. पण मुंबई शहराची स्वतंत्र. म्हणजे पाटील ज्या समितीचे सर्वेसर्वा होते तिचा नकाशा कुलाब्यापासून सुरू होऊन शहराच्या वेशीवर संपत होता. त्यात ना कोकण, ना देश. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो की कंपनीची रचना जशी असते तसंच तिचं सॉफ्टवेअर होतं. पाटलांचं राजकारण तसंच झालं. मुंबई हे स्वतंत्र शहर-राज्य असावं हा विचार त्यांना एका रात्रीत सुचलेला नव्हता, त्यांची कचेरीच त्या आकाराची होती.

युक्तिवाद काय होता? मुंबई साऱ्या देशाची. बंदर, गिरण्या, बँका, शेअरबाजार यात गुजराती, पारशी, मारवाडी सगळ्यांचा पैसा. १९५१ च्या जनगणनेत शहरात मराठी बोलणारे निम्म्यापेक्षा कमी. मग ती एका भाषेच्या राज्याला का द्यायची? ऐकायला अगदी मुद्देसूद. नोव्हेंबर १९५५ मध्ये चौपाटीच्या सभेत, पाच हजार वर्षांनीही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा अर्थाचं त्यांचं विधान झालं आणि ते त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. ती सभा लोकांनी उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनच्या मोर्चावर गोळीबार झाला. पुढचं सगळ्यांना माहिती आहे. अत्र्यांनी 'मराठा'तून 'सदोबा पाटील' म्हणून त्यांची जी सालं काढली, त्याची आजोबांच्या पिढीला पारायणं पाठ होती.

माझे आजोबा (आईकडचे) सोळाव्या वर्षी जयगडहून आगबोटीने मुंबईला गेले. तेव्हा किनाऱ्याच्या बोटी इथे थांबायच्या. पडावातून बोटीपर्यंत, मग रात्रभर डेकवर, सकाळी भाऊचा धक्का. परळला गिरणीत बदली कामगार, एका खोलीत बाराजण, खानावळीचं जेवण, आणि महिन्याची मनीऑर्डर जयगडला. ही काही त्यांची एकट्याची गोष्ट नाही. सगळा रत्नागिरी जिल्हा तेव्हा मनीऑर्डरवर चालायचा. १९५७ ला आजोबांनी समितीला मत दिलं, आणि मरेपर्यंत 'सदोबा' हा शब्द ते शिवीसारखा वापरत. त्या निवडणुकीत समितीने काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात धूळ चारली, तरी दक्षिण मुंबईतून पाटील निवडून आलेच. तेवढी त्यांची पकड होती.

माझं भांडण पाटलांच्या निष्कर्षाशी आहे त्यापेक्षा त्यांच्या वहीशी जास्त आहे. त्या वहीत भांडवल जमेला धरलेलं होतं आणि मजुरी खर्चात. गिरणीत कापूस कुणाचा, मशीन कुणाचं, कर्ज कुणाचं, हे सगळं मालकीच्या रकान्यात. आणि जो माणूस बारा तास उभा राहून सूत काढतो, ज्याची बायकोपोरं दोनशे मैलांवर नाचणीच्या भाकरीवर दिवस काढतात, तो कुठल्या रकान्यात? तो 'बाहेरून आलेला'. मुंबईला साऱ्या देशाने घडवलं म्हणायचं आणि त्या साऱ्या देशात जयगड, गुहागर, संगमेश्वर मोजायचं नाही! कोकणात जन्मलेल्या माणसाने हा हिशोब मांडावा, याचा राग लोकांना आला तो खरा. भाषेचा अभिमान होताच, पण मुळात दुखावलं गेलं ते हे.

पण पहिल्या फॉरवर्डवाल्यांनीही जरा थांबावं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बरोबर तीन दिवसांनी, ४ मे १९६० ला, पाटील वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासोबत पीएल-४८० करारावर सही करत होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. पैसे डॉलरमध्ये नाही, रुपयांत. तोपर्यंतचा हा अशा प्रकारचा सगळ्यात मोठा करार होता. त्याआधी वर्षभर देशात धान्याचा घाऊक व्यापार सरकारने ताब्यात घ्यावा अशी धोरणं चालली होती. पाटील अन्नमंत्री झाले आणि त्यांनी ते गुंडाळून ठेवलं. त्यांचं गणित सरळ होतं: गोदामं भरलेली दिसली की साठेबाज आपोआप गप्प बसतो, त्याच्यामागे इन्स्पेक्टर सोडायची गरज नाही. हे गणित चुकीचं नव्हतं. पुढे आपण बफर स्टॉक बफर स्टॉक म्हणून जे म्हणायला लागलो त्याची ही आधीची पायरी. रेशनच्या दुकानात गहू आला, तो पाटलांना शिव्या घालणाऱ्यांनीही खाल्ला.

(त्या गव्हाबरोबर गाजरगवत आलं आणि म्हणून त्याला 'काँग्रेस गवत' म्हणतात, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. गवत कशातून आलं हा वाद चालू द्या, पण पुण्यात त्याची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्याची आहे. सदोबांच्या सहीच्या चारेक वर्षं आधीची. निदान तेवढं तरी त्यांच्या माथी मारू नका.)

तोटा कुठे झाला? गहू स्वस्तात येतोय म्हटल्यावर आपल्या शेतकऱ्याकडे बघायची घाई राहिली नाही. १९६५ आणि १९६६ ला लागोपाठ पावसाने दगा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याच्या जहाजांचा दोर मुद्दाम आखूड धरला. व्हिएतनामवर आपण काय बोलतो ते ऐकून पुढचं जहाज सुटायचं. रुपयात मिळणाऱ्या गव्हाची खरी किंमत तेव्हा कळली. मग सी. सुब्रमण्यम, मेक्सिकन गहू, हरितक्रांती वगैरे. बाजारावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने एकाच दुकानदाराकडे सगळी उधारी करावी, हे मला आजही कोडं वाटतं.

१९६३ मध्ये कामराज योजनेत मोरारजी, शास्त्री, जगजीवनराम यांच्याबरोबर पाटलांनीही मंत्रिपद सोडलं. १९६४ ला परत आले ते रेल्वेमंत्री म्हणून. आता कोकणी माणूस रेल्वेमंत्री म्हटल्यावर आपल्याला पहिला प्रश्न काय पडणार? दिवा-पनवेल मार्ग १९६६ मध्ये आपट्यापर्यंत पोचला. मग तिथून रोह्याला जायला १९८६ उजाडलं. सगळं खापर एका मंत्र्यावर फोडणं बरोबर नाही, पैसे नव्हते, युद्ध झालं होतं, डोंगर तर होतेच. पण वाहतूक किती, उत्पन्न किती हे आधी विचारणाऱ्या हिशोबात कोकणाचा नंबर कधीच लागला नसता, कारण मनीऑर्डर रेल्वेच्या डब्यातून जात नाही. नाथ पै, दंडवते यांनी मागणी लावून धरली आणि १९९० ला कोकण रेल्वे मार्गी लागली ती जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना. रत्नागिरीवरून पूर्ण मार्ग चालू झाला २६ जानेवारी १९९८ ला.

फर्नांडिस. म्हणजे तेच, ज्यांनी १९६७ ला पाटलांना पाडलं. ही निवडणूक आपल्या पिढीने एकदा नीट वाचायला हवी. एका बाजूला केंद्रीय मंत्री, पक्षाचा खजिनदार म्हणावा असा माणूस, तीन वेळा जिंकलेला, देवसुद्धा मला हरवू शकत नाही अशा अर्थाचं बोलल्याची गोष्ट सांगितली जाणारा. दुसऱ्या बाजूला छत्तीस वर्षांचा मंगलोरी नगरसेवक, ज्याच्या मागे टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरं आणि महापालिकेचे सफाई कामगार. फर्नांडिसांच्या प्रचाराचा सूर एवढाच होता की तुम्ही ठरवलंत तर पाटलांना हरवू शकता. आणि ठरवलं लोकांनी! ज्यांना त्या वहीत रकाना नव्हता, त्यांनी मतपेटीत स्वतःचा रकाना काढला. गंमत बघा, जिंकणारा मराठी नव्हता आणि हरणारा होता. तेव्हा हा भाषेचा निकाल होता असं कुणी सांगू नये.

त्यानंतरचं झटपट सांगतो. १९६९ ला ते गुजरातेतल्या बनासकांठामधून पोटनिवडणुकीत लोकसभेत परतले. जुलैत बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. पाटील, कामराज, निजलिंगप्पा ही 'सिंडिकेट' एकीकडे, इंदिराबाई दुसरीकडे. १९७१ ला जुनी काँग्रेस झोपली ती झोपलीच. १९८१ ला पाटील गेले, तेव्हा त्यांचं अर्थकारण कुणीही उघडपणे बोलत नव्हतं. दहाच वर्षांनी, १९९१ ला, त्यातलं बरंचसं सरकारचं धोरण झालं. ज्या आयटीच्या पगारावर मी आणि तुम्ही ईएमआय भरतो ती त्याच धोरणाची देणगी. हे मी नाकारत नाही, नाकारलं तर तो खोटेपणा होईल.

मध्यंतरी एका प्रोजेक्टमुळे लिथुआनियातल्या लोकांशी रोज बोलणं व्हायचं. तिथले लांड्सबर्गिस, संगीताचे प्राध्यापक, ११ मार्च १९९० ला त्यांच्या अध्यक्षतेखाली लिथुआनियाने सोव्हिएत युनियनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. १९९३ ला त्यांनी जो पक्ष काढला त्याच्या नावातच 'मायभूमी' आणि 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हे दोन्ही शब्द होते. खाजगी मालमत्ता आणि आपली भाषा, दोन्ही एकाच गाठोड्यात. त्यांच्यावर तिथेही टीका झाली, होते. पण बाजाराच्या बाजूने बोलणारा माणूस आपल्या लोकांच्या विरोधात उभा आहे, असं तिथे कुणाला आपसूक वाटत नाही. आपल्याकडे वाटतं. मराठी माणूस बाजार, नफा, भांडवल या शब्दांकडे आजही थोडं संशयाने बघतो, आणि त्याचं मोठं श्रेय मी १९५५ च्या पाटलांना देतो. त्यांनी उजव्या अर्थकारणाची गाठ मुंबई तोडण्याशी मारून ठेवली. जो विचार मराठीतून शांतपणे मांडता आला असता, तो चौपाटीवर दगड खाऊन बसला.

आता दुसऱ्या फॉरवर्डकडे येतो. माझे सहकारी पाटलांना डोक्यावर घेतात ते सहकारी शेतीला विरोध केला म्हणून नाही, गव्हाच्या करारासाठी तर नाहीच. तो त्यांना माहितीच नसतो. त्यांना आवडते ती फक्त वही. 'टॅक्स आम्ही भरतो, मग झोपडपट्टीवाल्यांचं मत आमच्याएवढंच का?' हे वाक्य मी कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते मेनूकार्डावर छापावं. हेच लोक बंगळुरूला बदली झाली आणि रिक्षावाला कन्नडमध्ये बोलला की तासाभरात लोकशाहीवादी होतात. तिथे मात्र शहर राहणाऱ्याचं असतं, मालकाचं नसतं!

आणि मी हे जयगडला बसून लिहितोय म्हणून जयगडचंच सांगतो. २००९ पासून इथे जेएसडब्ल्यूचं खाजगी बंदर आहे. २०१० आणि २०११ मध्ये वीजप्रकल्प सुरू झाला, ३०० मेगावॅटचे चार संच, बाहेरून आणलेल्या कोळशावर. स. का. पाटलांना हे बघून आनंद झाला असता. सरकारी खात्याने शंभर वर्षांत केलं नसतं ते खाजगी कंपनीने पाच-सात वर्षांत केलं. गावात नोकऱ्या आल्या, माझा चुलतभाऊ तिथेच कामाला जातो, आजोबांसारखं डेकवर झोपून मुंबई गाठायची वेळ त्याच्यावर आली नाही. ही छोटी गोष्ट नाही. ज्यांना पर्यावरणाचं लेक्चर द्यायचंय त्यांनी आधी एक पावसाळा इथे नोकरीशिवाय काढून बघावा.

पण हापूसच्या बागांवर प्रकल्पाचा काय परिणाम होईल, या अभ्यासाचं काम दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे गेलं तेव्हा पर्यावरणाची मंजुरी देऊन झालेली होती. आधी उत्तर, मग गणित. बागायतदारांना त्यासाठी दिल्ली हायकोर्टापर्यंत जावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या शाळेतल्या मुलांना वायूचा त्रास होऊन रत्नागिरीला सिव्हिलमध्ये हलवावं लागलं. दोष कुणाचा किती, ते ठरवायला मी बसलेलो नाही. मला दिसलं ते आईबापांचं. त्या संध्याकाळी कुणाला विचारायचं हेच त्यांना कळत नव्हतं. सरपंच तहसीलदाराकडे बोट दाखवतो, तहसीलदार कंपनीकडे. भांडवल ज्याचं त्याची वही व्यवस्थित असते. बाकीच्यांना रकाना मिळत नाही तो असा.

एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'मग काय, प्रकल्पच नकोत का तुला?' हवेत रे बाबा. बंदर हवं, वीज हवी, आणि ती सरकारी बाबूंपेक्षा कंपनीने चालवलेली मला केव्हाही चालेल. इथपर्यंत मी स. का. पाटलांचाच माणूस आहे. माझी मागणी एवढीच आहे की मुलांच्या शाळेपासून टाकी किती अंतरावर असावी हे ग्रामसभेत आधी विचारावं, आणि 'नाही' हे उत्तर आलं तर ते 'नाही' म्हणून लिहून घ्यावं. यावर त्याचं म्हणणं, गावातल्या लोकांना यातलं काय कळतं? मी म्हटलं, १९६७ ला दक्षिण मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांबद्दलही असंच म्हणायचे. त्यावर त्याने अंगठा पाठवला. हा अंगठा होकाराचा की विषय संपवल्याचा, ते मला अजून कळलेलं नाही.